मल्टिमीटर पाच व्होल्ट दाखवतो, तरी पेटी बंद का पडते? – अडॅप्टर तपासायचा 'लोड' स्वतः बनवू या



आजचा पाठ विद्युतधारेचा आहे. सहावी ते आठवीपर्यंत कुठेही घेता येईल, आणि घरी पालकांनाही करता येईल. पण त्याची सुरुवात पाठ्यपुस्तकातून झालेली नाही, माझ्या एका चुकीतून झाली आहे, म्हणून आधी तीच सांगते.

आमच्या डिजिटल वर्गात टीव्हीला एक छोटी अँड्रॉइड पेटी जोडलेली आहे, लोकवर्गणीतून घेतलेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मध्येच बंद पडायला लागली. पडद्यावर मेनू दिसायचा, सगळं ठीक वाटायचं, आणि व्हिडिओ लावला की दोन मिनिटांत पडदा काळा. मग पुन्हा कंपनीचं चिन्ह, पुन्हा मेनू. पहिल्यांदा हे झालं त्या दिवशी सकाळी सातवीतल्या एका मुलाने टेबल पुसताना पेटीची वायर काढून परत लावली होती. मी मल्टिमीटर आणला, अडॅप्टरच्या टोकाला लावला. ५.१४ व्होल्ट. अडॅप्टरवर लिहिलेलं ५ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे अडॅप्टर चांगला, म्हणजे पेटी खराब, म्हणजे वायर ओढणाऱ्याने ती बिघडवली. भर वर्गात त्याला बोलले. तो काही बोलला नाही, पण त्यानंतर टीव्हीच्या टेबलाजवळ आला नाही. आधी रोज टीव्ही लावायचं काम हौसेने तोच करायचा.

पेटी दुरुस्तीला टाकायच्या आधी मी ती एका पालकांना दाखवली. चितेगावचं नाव बाहेरच्या लोकांना माहीत आहे ते व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे. संभाजीनगर-पैठण रस्त्यावर कंपनीच्या पत्त्यातच 'चौदा किलोमीटरचा दगड' लिहिलेला असायचा. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण टीव्हीच्या कामात ज्यांचे हात बसले ते लोक आजही आसपास आहेत. हे पालक त्यातलेच, आता टीव्ही रिपेअरिंग करतात. मी त्यांना ५.१४ चा आकडा सांगितला, तर ते हसले. म्हणाले, "मॅडम, बिनलोडचं व्होल्टेज बघून काही कळत नसतंय. लोड टाकून बघितलं का?"

मी डी.एड. झालेली आहे, इंजिनिअर नाही. 'लोड' हा शब्द मला लोडशेडिंगपुरताच माहीत होता. त्यांनी जुन्या, मोठ्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं उदाहरण दिलं. त्या टीव्हीच्या पॉवर सप्लायमधून शंभर-सव्वाशे व्होल्टची एक मुख्य लाइन निघायची. टीव्ही चालत नसेल तर दोष सप्लायचा की पुढच्या भागाचा हे कळायला कारागीर पुढचा भाग सोडवून ठेवायचे आणि त्याच्या जागी ६० किंवा १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावायचे. बल्ब नीट पेटला आणि व्होल्टेज टिकलं तर सप्लाय चांगला. बल्ब म्हणजे खोटं गिऱ्हाईक. खऱ्या टीव्हीऐवजी तो वीज मागतो, आणि सप्लायला देता येते की नाही ते समोर येतं.

ही गोष्ट मुलांना सांगायला मला आपल्याच गावातलं उदाहरण सापडलं. रब्बीत थ्री-फेज आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि घरातला बल्ब मंद होतो. मोटारी बंद असताना त्याच वायरीत व्होल्टेज चांगलं असतं. डीपी तीच, वायर तीच, फक्त मागणारे वाढले. वर्गात हे विचारलं तर निम्म्या मुलांनी हात वर केले. शेतकऱ्याच्या घरात हा धडा आधीच झालेला असतो, आपण फक्त त्याला नाव द्यायचं. आमचे आजोबा बैल घेताना दात बघायचे, पण पैसे द्यायचे ते जुंपून दोन-चार तास चालवून बघितल्यावरच. दावणीला उभा असलेला प्रत्येक बैल चांगलाच दिसतो.

आधी सेलवर करा

मुलांसोबत सुरुवात अडॅप्टरवर करू नका. घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, यात धोका काही नाही. लागतं काय? एक नवा सेल, एक वापरलेला सेल, १० ओहमचा अर्ध्या वॅटचा एक रोध (दुकानात 'रेझिस्टन्स' मागा) आणि मल्टिमीटर.

मुलांना आधी हा प्रश्न विचारा: टॉर्चमधून काढून टाकलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला तर घड्याळ चालतं का? चालतं, आणि कित्येकदा महिनोन्महिने चालतं. मग तो सेल 'संपलेला' आहे की नाही? यावर वर्गात भांडण होऊ द्या, लगेच उत्तर देऊ नका.

आता मोजा. आमच्या वर्गात नवा सेल नुसता मोजला तेव्हा १.५८ व्होल्ट आला, आणि वापरलेला १.३८. फरक फारसा वाटत नाही. मग सेलच्या दोन टोकांना १० ओहमचा रोध जोडला आणि जोडलेला असतानाच पुन्हा मोजलं. नवा सेल १.५० वर थांबला. वापरलेला धाडकन १.०२ वर आला. रोध काढला की तो पुन्हा हळूहळू वर चढतो, जणू काही झालंच नाही. पोरांना यात फार मजा वाटली. एकजण म्हणाला, "मॅडम, हा काम सांगितलं की आजारी पडतो."

हिशोब सोपा आहे, फळ्यावर करून घ्या. वापरलेल्या सेलने रोधातून दिलेली विद्युतधारा म्हणजे १.०२ भागिले १०, म्हणजे ०.१०२ अँपिअर. व्होल्टेज पडलं १.३८ वजा १.०२, म्हणजे ०.३६. ते कुठे गेलं? सेलच्या पोटात. ०.३६ भागिले ०.१०२ म्हणजे सुमारे साडेतीन ओहम. हा सेलचा आतला रोध. नव्या सेलचा याच पद्धतीने अर्ध्या ओहमच्या आसपास येतो. घड्याळाला अगदी थोडी विद्युतधारा लागते, म्हणून त्याला आतला साडेतीन ओहम जाणवत नाही. टॉर्चला जास्त लागते, तिला जाणवतो. भांडणाचं उत्तर मुलांनीच काढलं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती आपल्यासारख्याच एका शिक्षकाची आहे. ज्याच्या नावाने 'ओहम' हे एकक आहे तो जॉर्ज सायमन ओहम जर्मनीतल्या कलोन शहरात शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याने सुरुवातीचे प्रयोग त्या काळच्या रासायनिक विद्युतघटावर केले, आणि त्याला नेमकी हीच अडचण आली. तार जोडली की घटाचं व्होल्टेज ढासळायचं, आकडे स्थिर राहायचे नाहीत. तेव्हा पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला सुचवलं की घट सोड, दोन धातूंच्या जोडावर तापमानाच्या फरकाने तयार होणारी वीज वापर. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं वितळत्या बर्फात. आता पुरवठा स्थिर झाला आणि १८२६ मध्ये त्याला नियम सापडला. पुढच्या वर्षी, १८२७ मध्ये, त्याचं पुस्तक आलं. आपण आज पुस्तकात विभवांतर बरोबर विद्युतधारा गुणिले रोध असं लिहितो, पण ओहमच्या मूळ समीकरणात भाजकात दोन संख्या होत्या. एक बाहेर जोडलेल्या तारेची, आणि दुसरी पुरवठ्यासकट उरलेल्या मंडलाची. म्हणजे सेलच्या पोटातला रोध त्याने पहिल्या दिवसापासून धरला होता. आपण शिकवताना तो सोडून देतो आणि मग माझ्यासारखी बाई ५.१४ बघून फसते.

अडॅप्टरला खोटं गिऱ्हाईक

आता अडॅप्टर. त्यासाठी १० ओहम, १० वॅटचे चार पांढरे सिमेंटचे रोध आणले. ५ व्होल्टवर एक रोध अर्धा अँपिअर घेतो. दोन समांतर जोडले की एक अँपिअर, तीन जोडले की दीड, चार जोडले की दोन. समांतर जोडणीत एकूण रोध कमी होतो हे मुलांना पाठ असतं, पण इथे ते बोटाला कळतं, कारण रोध तापतात. प्रत्येकात अडीच वॅट उष्णता तयार होते, तेवढ्याने चटका बसतो. म्हणून ते लाकडी फळीवर, एकमेकांपासून अंतर ठेवून बसवले आणि मुलांना एक हात लांब उभं केलं. जुनी यूएसबी केबल कापून तिची लाल आणि काळी तार वापरली.

आमच्या त्या अडॅप्टरचे आकडे असे आले. काहीच न जोडता ५.१४. एक रोध जोडल्यावर ४.९८. दोन जोडल्यावर ४.७९. तीन जोडल्यावर ४.०२. चौथा जोडला तेव्हा अडॅप्टरचा दिवा लुकलुकायला लागला आणि मल्टिमीटरवर आकडा ठरेचना. कार्यालयातला दुसरा, तितक्याच क्षमतेचा अडॅप्टर आणून लावला. तो ५.१२ पासून निघाला, आणि चारही रोध जोडल्यावर ४.९७ वर उभा राहिला.

दोन्ही अडॅप्टर रिकामे असताना फरक किती होता? ०.०२ व्होल्ट. तोही खराब अडॅप्टरच्या बाजूने!

इथे एक सूचना. मोजताना मल्टिमीटरची टोकं कुठे लावता याला फार महत्त्व आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात चांगला अडॅप्टरसुद्धा नापास झाला होता, कारण मी रोधांपाशी मोजत होते आणि मधली केबल स्वस्तातली, केसासारख्या तारेची होती. अशा बारीक तारेत एक मीटर जाऊन येईपर्यंत जवळजवळ ०.४ ओहम रोध असतो, म्हणजे दोन अँपिअरला ०.८ व्होल्ट केबलच खाऊन टाकते. अडॅप्टर तपासायचा असेल तर मोजमाप अडॅप्टरच्या तोंडाशी घ्या. पालकांनो, मोबाइल हळू चार्ज होतो म्हणून नवा चार्जर आणण्याआधी एकदा केबल बदलून बघा.

गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब लोड म्हणून लावला तर चालेल का, असं कोणी विचारेल. चालतो, पण एक खोट आहे. २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना पावणेदोन अँपिअर घेतो, पण थंड असताना त्याच्या तारेचा रोध साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. त्यामुळे बटण दाबल्याक्षणी तो कितीतरी जास्त मागतो आणि चांगला अडॅप्टरसुद्धा घाबरून बंद होतो. टीव्हीच्या कारागिराला हे माहीत असतं. नवशिक्याने रोधच वापरावेत.

रोध मऊ परीक्षक आहे

रोधांचा प्रयोग झाल्यावर मला वाटलं काम झालं. पण त्या पालकांनी आणखी एक प्रश्न टाकला. तीन रोधांवर व्होल्टेज ४.०२ झालं तेव्हा विद्युतधारा किती होती? ४.०२ भागिले ३.३३, म्हणजे १.२ अँपिअर. दीड नाही! व्होल्टेज पडलं की रोध आपली मागणीही कमी करतो. परीक्षा घेणाराच प्रश्न सोपे करत जातो. खरी पेटी असं करत नाही. तिच्या आत स्वतःचं व्होल्टेज बदलणारं सर्किट असतं. तिला व्हिडिओ दाखवायला सहा वॅट लागत असतील तर ५ व्होल्टवर ती १.२ अँपिअर घेते, आणि व्होल्टेज ४ वर आलं तर दीड मागते. म्हणजे अडॅप्टर दमला की पेटी त्याला आणखी दमवते.

म्हणून असा लोड हवा जो ठरवलेली विद्युतधारा घेईलच, व्होल्टेज काहीही असो. त्यालाच इलेक्ट्रॉनिक लोड म्हणतात. बाजारात तयार मिळतो, चांगला घेतला तर हजारोंत जातो. आम्ही बनवला त्याला रोध धरून सव्वादोनशे रुपये लागले, उष्णताशोषक सोडून, कारण तो शाळेतल्या बंद पडलेल्या संगणकाच्या प्रोसेसरवरून पंख्यासकट काढला.

कल्पना अशी. एक मॉसफेट घ्यायचा. मॉसफेट म्हणजे विजेची तोटी, गेट नावाच्या पायावर व्होल्टेज वाढवलं की तोटी उघडते. त्याच्या खाली १ ओहमचा रोध. या रोधातून एक अँपिअर गेला की त्यावर बरोबर एक व्होल्ट तयार होतो, म्हणून तोच आपला मापक. आणि एक ऑपॅम्प, जो राखणदाराचं काम करतो. त्याच्या एका कानात आपण गोल बटण फिरवून सांगतो, 'एक व्होल्ट'. दुसऱ्या कानात मापक रोधावरचं व्होल्टेज येतं. ते कमी असेल तर तो तोटी थोडी उघडतो, जास्त असेल तर थोडी आवळतो. सेकंदात हजारो वेळा. आपण गोठ्यातल्या हौदाला पाइप लावून कडेला उभे राहतो तसंच हे.

साहित्य: आयआरएफझेड-४४एन मॉसफेट, एलएम-३५८ ऑपॅम्प, टीएल-४३१ (हा अडीच व्होल्टचा पक्का संदर्भ देतो), १ ओहम १० वॅटचा रोध, १० किलोओहमचं फिरवायचं पॉट, १ किलोओहम, १०० ओहम आणि १० किलोओहमचे एकेक साधे रोध, १०२ आणि १०४ क्रमांकाचे दोन छोटे कपॅसिटर, ३ अँपिअरचा फ्यूज, ९ व्होल्टची बॅटरी.

जोडणी नीट वाचा, इथे घाई नको. बॅटरीचं ऋण टोक म्हणजे आपली जमीन. धन टोक ऑपॅम्पच्या ८ नंबरच्या पायाला, जमीन ४ नंबरला, आणि या दोन पायांमध्ये १०४ चा कपॅसिटर. टीएल-४३१ चे बाहेरचे दोन पाय एकत्र जोडा आणि १ किलोओहममधून बॅटरीच्या धन टोकाला न्या. मधला पाय जमिनीला. आता बाहेरच्या पायांवर अडीच व्होल्ट मिळतात. ते पॉटच्या एका टोकाला, पॉटचं दुसरं टोक जमिनीला, आणि मधला पाय ऑपॅम्पच्या ३ नंबरला. ऑपॅम्पचा १ नंबर १०० ओहममधून मॉसफेटच्या गेटला. मॉसफेटवरचं नाव आपल्याकडे करून धरला तर डावीकडे गेट, मधे ड्रेन, उजवीकडे सोर्स. सोर्स १ ओहमच्या रोधाला, रोधाचं दुसरं टोक जाड तारेने जमिनीला. सोर्सपासूनच १० किलोओहममधून एक तार ऑपॅम्पच्या २ नंबरला. १ आणि २ नंबरमध्ये १०२ चा कपॅसिटर. ऑपॅम्पचा दुसरा अर्धा भाग आपल्याला लागत नाही, म्हणून ६ आणि ७ जोडून टाका आणि ५ जमिनीला. शेवटी, तपासायच्या अडॅप्टरचं धन टोक फ्यूजमधून ड्रेनला, ऋण टोक जमिनीला.

पॉट शून्यावर ठेवून अडॅप्टर लावा आणि मल्टिमीटर १ ओहमच्या रोधावर धरा. पॉट हळूहळू फिरवा. ०.५० व्होल्ट म्हणजे अर्धा अँपिअर, १.०० म्हणजे एक. वेगळा अँमीटर लागतच नाही. दुसरा मल्टिमीटर असेल तर तो अडॅप्टरच्या तोंडाशी ठेवा.

उष्णतेचा हिशोब न करता चालू करू नका. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे एकूण दहा वॅट. त्यातले चार १ ओहमच्या रोधात, उरलेले सहा मॉसफेटमध्ये. १२ व्होल्टचा राउटरचा अडॅप्टर २ अँपिअरवर तपासला तर मॉसफेटमध्ये वीस वॅट. या मॉसफेटच्या माहितीपत्रकात ९४ वॅट लिहिलेले असतात, पण ते त्याची पाठ २५ अंशांवर ठेवता आली तरच. उघडा ठेवला तर दर वॅटला ६२ अंश तापतो. वीस गुणिले बासष्ट करून बघा. मुलांना हा गुणाकार करायला दिला तेव्हा उत्तर ऐकून त्यांनीच पंखा लावायचा आग्रह धरला. आणखी एक, मॉसफेटची धातूची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते. म्हणजे उष्णताशोषक अडॅप्टरच्या धन टोकाला असतो. तो कशालाही टेकू देऊ नका.

आमच्या हातून काय काय चुकलं तेही सांगते. १०२ चा कपॅसिटर आधी 'छोटाच तर आहे' म्हणून मी सोडला होता, तर विद्युतधारा ठरेना, आकडा नाचत राहिला. ऑपॅम्प तोटी एकदम उघडतो, एकदम आवळतो, आणि हे चक्र थांबत नाही. कपॅसिटर लावल्यावर शांत झाला. नंतर एकदा पॉट कितीही फिरवलं तरी १.६ अँपिअरच्या वर जाईना. मला वाटलं मॉसफेट गेला. बॅटरी मोजली, साडेसहा व्होल्टवर आलेली. एलएम-३५८ बॅटरीपेक्षा दीडेक व्होल्ट कमीच देऊ शकतो, आणि मॉसफेटला उघडायला तेवढं पुरत नव्हतं. आणि हो, ती बॅटरी मी आधी नुसती मोजायलाही विसरले होते, एवढं सगळं शिकूनसुद्धा.

उलटी जोडणी कधी करू नका. मॉसफेटच्या आत एक डायोड असतो, धन-ऋण उलटं झालं की तो ऑपॅम्पला न विचारता वाट मोकळी करतो. फ्यूज त्याचसाठी आहे.

टाइप-सीचं तोंड असलेला चार्जर असा थेट जोडला तर तो काहीच देणार नाही, त्यात बिघाड समजू नका. समोर खरं उपकरण आहे याची खूण मिळाल्याशिवाय तो व्होल्टेज सोडत नाही. जुन्या चौकोनी यूएसबी तोंडाचे चार्जर, राउटर आणि स्पीकरचे अडॅप्टर यांच्यासाठी हा लोड आहे.

त्या मुलाचं काय झालं

लोड तयार झाला त्या दिवशी मी त्या मुलाला पॉट फिरवायला बोलावलं. आधी आला नाही. मग मी वर्गासमोर सांगितलं की पेटी त्याने बिघडवली असं मी म्हणाले होते, आणि ते मी न तपासता म्हणाले होते. आता तपासू. तो आला. पॉट इतकं सावकाश फिरवलं की बाकीची मुलं ओरडायला लागली. ०.९ अँपिअर, ४.८ व्होल्ट. १.० ला ४.७५. १.१ ला ४.७. मग थोडंसं पुढे, १.१५ च्या जवळ, आकडा घसरत चार, साडेतीन, आणि दिवा लुकलुकला. त्याने पॉट मागे घेतलं, व्होल्टेज परत आलं. पुन्हा पुढे नेलं, पुन्हा गेलं. तीन वेळा केलं.

नंतर कार्यालयातल्या चांगल्या अडॅप्टरवर पेटी लावून, मध्ये मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून, तिची भूक मोजली. मेनूवर ०.६, व्हिडिओवर १.३. पेटीला १.३ हवे होते, अडॅप्टर १.१५ ला गळपटत होता. पेटीला काहीच झालेलं नव्हतं. मुलाच्या हाताने काही झालेलं नव्हतं.

अडॅप्टर त्या पालकांनी त्यांच्या दुकानात उघडला. बाहेर जाणाऱ्या बाजूचा एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वरून फुगलेला होता. अशा कपॅसिटरमध्ये द्रव असतो, सतत उष्णतेत राहिलं की तो वर्षानुवर्षं सुकत जातो. कपॅसिटर विजेची घागर असतो, दोन ठोक्यांमधल्या वेळात तीच पुरवते. घागर छोटी झाली की थोडी मागणी भागते, मोठी भागत नाही. नवा कपॅसिटर काही रुपयांचा. पण हे काम मुलांनी किंवा आपण घरी करायचं नाही. अडॅप्टरच्या आत आलेल्या बाजूला २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट झालेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ साठून राहतात. आमच्या पाठात अडॅप्टर बंदच राहतो, आपण फक्त त्याच्या ५ किंवा १२ व्होल्टच्या तोंडाशी काम करतो.

वर्गनिहाय सांगायचं तर सहावीला फक्त सेलचा प्रयोग आणि घड्याळ-टॉर्चची चर्चा पुरे. सातवी-आठवीला सिमेंटच्या रोधांचा, एकसर आणि समांतर जोडणी सोबत घेऊन. आलेख काढून घ्या, आडव्या अक्षावर विद्युतधारा, उभ्यावर व्होल्टेज. चांगल्या अडॅप्टरची रेष जवळजवळ सपाट येते, खराबाची आधी थोडी उतरते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी. इलेक्ट्रॉनिक लोड शिक्षकाने आधी बनवून ठेवावा, मुलांनी तो चालवावा. सोल्डरिंग करायचंच असेल तर पालकांना बोलवा, आपल्या गावात जाणकार असतातच.

गावात बातमी गेली आणि लोक चार्जर घेऊन यायला लागले. नोंदणी चिन्ह आणि 'आयएस १३२५२' छापलेले, न छापलेले, दोन्ही आले. लेबल हा बनवणाऱ्याचा दावा असतो, म्हणून आम्ही प्रत्येकाला लोडवर लावतो. तपासून झालेल्या अडॅप्टरवर पांढरी पट्टी चिकटवतो आणि त्यावर तारीख आणि किती अँपिअरपर्यंत टिकला ते लिहितो. पट्ट्या लिहायचं काम सातवीतल्या त्याच मुलाकडे आहे. पेटीच्या जुन्या अडॅप्टरवर कपॅसिटर बदलल्यानंतरची त्याची पट्टी आहे, '२.० पर्यंत, ४.९ व्होल्ट, पास'. तिच्याखाली आधीची पट्टी त्याने काढलेली नाही. मी काढ म्हटलं नाही.